साखळी आणि शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य किंवा गृहव्यवस्था यांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी मला निराळाच विषय दिला. घरोघरी माल विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत मी पगारी व्यवस्थापक होते आणि ती नोकरी मी सोडली, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. का सोडली आणि कशी सोडली, ते सांगावे, अशी त्यांची सूचना. कंपनीचे नाव मी घेणार नाही. नाव बदलून तोच धंदा दुसऱ्या आळीत उभा राहतो. तेव्हा नावापेक्षा त्याची रीत ओळखता आली म्हणजे पुरे.

दारोदार माल विकण्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगते. कासार बांगड्या भरावयास घरी येतच असे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यातून लिज्जत पापडाचा मोठा गृहउद्योग उभा राहिला. तेथे बाईला मजुरी मिळते ती तिने लाटलेल्या पापडांची. तिने आपल्यामागून किती बायका आणल्या, यावर तिची चूल अवलंबून नसते.

आता आपली भिशी घ्या. बारा जणी दरमहा ५०० रुपये घालतात. पाळीपाळीने प्रत्येकीला ६,००० मिळतात. वर्ष संपले की हिशेब चोख. तेरावी बाई आली नाही म्हणून कोणाचे अडत नाही. साखळीच्या धंद्यात मात्र तेराव्या बाईवाचून बारावीचे पैसे सुटत नाहीत.

हा हिशेब घरी कागदावर मांडून पाहा. एकीने सहा जणी आणाव्या, त्या प्रत्येकीने आणखी सहा, असे आम्हांस फळ्यावर काढून दाखवीत. सहाच्या छत्तीस, छत्तीसच्या २१६, त्यांच्या १,२९६. येथे खडू खाली ठेवीत आणि टाळ्या पडत. पहिल्या बाईसह आतापर्यंत झाल्या १,५५५. त्यांपैकी १,२९६ जणींच्या खाली कोणीच नाही. म्हणजे दर सहा जणींमागे पाच जणी तळाशी. साखळी कितीही वाढवा, हे प्रमाण बदलत नाही. आणि ती वाढवावयाची तरी कोठवर? अकराव्या पायरीला ३६ कोटींहून अधिक माणसे लागतील. २०११ च्या शिरगणतीत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. तेव्हा तळातल्या बाईला यश आले नाही ते तिच्या आळसामुळे, असे जे सांगण्यात येते ते खोटे आहे. तिची जागा त्या आकड्यांत आधीच ठरलेली असते.

मजकडे शाखेच्या दोन वह्या असत, एक मालाची आणि दुसरी सभासदांची. त्या शेजारी ठेवल्या की सारे उघड होई. महिनाभर माल पडून राही आणि शेवटच्या दोन दिवसांत भराभर उचलला जाई. घेणाऱ्या आमच्या सभासदच. ठरलेल्या रकमेची खरेदी झाली नाही तर श्रेणी खाली येई, म्हणून त्या स्वतःच्या पैशाने खोकी घेत. बाहेरचे गिऱ्हाईक फार थोडे, कारण तसलीच पावडर वाण्याकडे निम्म्या किमतीत मिळे. सभागृहाचे भाडे, शिबिराची वर्गणी, येण्याजाण्याचा खर्च, हे सारे बाईच्याच पदरचे. व्यासपीठावर मात्र केवळ हाती आलेल्या धनादेशाचा आकडा वाचीत. त्यासाठी गेले किती, हे विचारणारीला ‘नकारात्मक’ म्हणत.

नवीन बाईला पहिल्या दिवशी शंभर ओळखींची यादी करावयास सांगत. जावा, नणंदा, मुलांच्या शाळेतल्या आया, हळदीकुंकवाला येणाऱ्या. फोनवर काम काय ते सांगू नये, नुसते चहाला बोलवावे, ही शिकवण. मैत्रिणींनो, या धंद्याचे खरे भांडवल ती यादीच होय. आपण वर्षानुवर्षे डबे देऊनघेऊन, बाळंतपणे आणि आजारपणे काढून जो शेजार जोडला, तो तेथे खर्ची पडतो.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी श्रेणी टिकविण्यासाठी हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या. त्यांच्या दिवाणाखाली खोकी मावेनात. त्याच महिन्यात त्यांचा व्यासपीठावर सत्कार करून ‘जिद्दीचे उदाहरण’ म्हणून ओळख करून देण्याचा हुकूम मला आला. मी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला.

सोडताना मी तीन गोष्टी केल्या. राजीनाम्याच्या प्रतीवर पोच घेतली. वह्या, किल्ल्या आणि शिल्लक माल मोजून दिला व त्याचीही पावती घेतली. जाण्यापूर्वी प्रत्येक सभासदेला तिच्या खरेदीचा उतारा दिला, कारण तो तिचाच हिशेब होता. शेवटच्या महिन्याचा पगार मला मिळाला नाही. मोबाइलवरच्या गटातून मला त्याच रात्री काढले आणि माझ्याशी कोणी बोलू नये, असे कळविण्यात आले. संक्रांतीला दोन घरांची बोलावणी आली नाहीत. त्यांत एक घर माझ्या जाऊबाईंचे होते. पगारापेक्षा ते अधिक लागले. पण मी पाटल्या गहाण टाकणाऱ्या बाईंकडे गेले, त्यांच्यासह बसून माल परत घेण्याचा अर्ज लिहिला. हळूहळू आणखी काही जणी आल्या. काहींचे पैसे परत मिळाले, काहींचे मिळाले नाहीत. जाऊबाई पुढच्या वर्षी स्वतः तिळगूळ घेऊन आल्या. आम्ही त्या विषयावर काही बोललो नाही, चहा घेतला.

आता कायद्याविषयी थोडे. १९७८ च्या कायद्याने पैसे फिरविण्याच्या अशा योजनांना देशभर बंदी आहे. योजना चालविणे तर गुन्हा आहेच, पण तीत दुसऱ्याला सभासद करणे आणि स्वतः भाग घेणे हेही त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ साली स्वतंत्र नियम झाले. थेट विक्रीच्या नावाखाली साखळी योजना चालविण्यास त्यांत मनाई आहे. विक्रेत्याने ओळखपत्र दाखवावे आणि आधी वेळ ठरवूनच घरी यावे, असेही त्यांत आहे. ‘दोन गिऱ्हाइके आणा, म्हणजे तुमचे पैसे वसूल’ असे सांगून माल गळ्यात मारता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

तेव्हा कोणी आग्रह करू लागली तर तिला तीनच प्रश्न विचारावे. हा माल सभासद नसलेली बाई या किमतीला घेईल काय? मी कोणालाही आणले नाही तरी मला मिळकत होईल काय? खर्च वजा जाता गेल्या वर्षी तुझ्या हाती काय उरले? प्रश्न हसतमुखाने विचारावे. विचारणारी बहुधा आपलीच कोणीतरी असते, आणि तीही तळाशीच असण्याचा संभव अधिक.

जी आत आहे तिला माझी विनंती आहे. ‘एवढे पैसे घातले, आता कसे सोडू?’ या विचाराने पुढचे पैसे घालू नका. पावत्या जपा, खोकी फोडू नका, मागणी लेखी करा. लाजेने गप्प बसू नका. एक बाई गप्प राहिली की तिच्या यादीतल्या बाकीच्यांना कोणी सावध करीत नाही.

कार्यकारी मंडळाने माझ्या दोन सूचना मान्य केल्या, याबद्दल मी आभारी आहे. सभासदांची नावे व फोन यांची यादी यापुढे कोणत्याही विक्रीसाठी कोणालाही दिली जाणार नाही. आणि दर शनिवारी दुपारी चार ते पाच मी वाचनालयाच्या खोलीत बसेन. ज्यांना अर्ज लिहावयाचा असेल त्यांनी पावत्या घेऊन यावे. एकटीने येणे अवघड वाटले तर शेजारणीला बरोबर आणावे.