टस्कीगीची वीटभट्टी



धंदेशिक्षणाच्या शाळेंतील शिक्षकांचें एक गाऱ्हाणें नेहमींचेंच आहे. मुलगा कारखान्यांत असेपर्यंत जागा असतो. तोच वर्गांत येऊन बाकावर बसला कीं पेंगूं लागतो. याचा दोष बहुधा मुलाच्या माथीं मारला जातो. शिकविण्याच्या रीतींतच कांहीं चुकत असेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील एका शाळेच्या हकीकतींत सांपडण्याजोगें आहे.

ही शाळा चालविणारे गृहस्थ म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. गुलामगिरींत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा मिठागरांत व कोळशाच्या खाणींत राबून पुढें व्हर्जिनियांतील हॅम्प्टनच्या शाळेंत गेला. तेथील त्याची प्रवेशपरीक्षा मोठी मौजेची झाली. बाईंनीं त्याच्या हातीं केरसुणी देऊन वर्गाची एक खोली झाडावयास सांगितली. त्यानें ती तीनदां झाडली, चारदां पुसली. बाईंच्या रुमालास धुळीचा कणहि लागेना, तेव्हां त्यास प्रवेश मिळाला. याच विद्यार्थ्यानें १८८१ च्या ४ जुलै रोजीं अलाबामा संस्थानांतील टस्कीगी या गांवीं, एका मोडक्या खोपटांत व शेजारच्या प्रार्थनामंदिरांत, सुमारें तीस विद्यार्थ्यांची शाळा उघडली.

येथील रोग मात्र वरवर पाहतां उलटा होता. या विद्यार्थ्यांस पुस्तकाचें वेड आणि हातकामाची लाज. पुस्तक जितकें जाड व त्याचें नांव जितकें लांबलचक तितकी विद्या थोर, अशी त्यांची समजूत. आणि आमचीं मुलें राबावयास पाठविलेलीं नाहींत, असे पालकांचे निरोप येत. कित्येकांनीं पेढीवरील व्याजाचे नियम तोंडपाठ केले होते. पण त्या मुलुखांत पेढीवर खातें असलेला मनुष्य शोधूनहि क्वचितच सांपडता. मुली सहाराचें वाळवंट पृथ्वीच्या गोलावर अचूक दाखवीत, आणि जेवणाच्या मेजावर सुऱ्याकांटे कोठें मांडावेत हें त्यांस ठाऊक नसे. एकीकडे पेंगणें, दुसरीकडे पोपटपंची. दोहोंचें मूळ एकच, हात आणि पुस्तक यांची फारकत.

वॉशिंग्टन यांनीं यावर व्याख्यान दिलें नाहीं. शेतीसाठीं रान साफ करावयाचें होतें, तर स्वतः कुऱ्हाड घेऊन ते पुढें झाले. मास्तर निघाले म्हणून मुलें निघालीं. पुढें इमारतीस विटा हव्या झाल्या. गांवांत वीटभट्टी नव्हती आणि बाजारांत विटांस मागणी होती. विटा आपणच पाडावयाच्या असें ठरलें. गुडघाभर चिखलांत उभें राहण्याचें हें काम कांहीं मुलांस इतकें नकोसें झालें कीं तीं शाळाच सोडून गेलीं. योग्य माती मिळेपर्यंत दोन-चार जागा बदलाव्या लागल्या. अखेरीस सुमारें २५,००० विटा पाडून भट्टी लावली. ती नीट रचली न गेल्यानें फसली. दुसरीहि फसली. तिसरी आठवडाभर जळत ठेवावयाची होती. ती आठवडा सरत आला असतां मध्यरात्रीं ढांसळली. सहकारी शिक्षक म्हणूं लागले, आतां हा नाद सोडावा. पदरीं एक डॉलर उरला नव्हता. वॉशिंग्टन यांनीं मॉंटगोमेरीस जाऊन आपलें घड्याळ पंधरा डॉलरांस गहाण टाकलें आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र मुदतींत सोडविणें झालें नाहीं.

भट्टी कां ढांसळली, या एका प्रश्नांत पदार्थविज्ञानाचे कितीतरी धडे दडलेले असतात. एका भिंतीस विटा किती, सरपणास खर्च किती, यांत त्रैराशिक. हें गणित मुलास आपलेंसें वाटतें, कारण तें चुकलें तर त्याच्याच डोक्यावर छप्पर येत नाहीं. शिवाय ज्या गोऱ्या शेजाऱ्यांस या शाळेबद्दल आस्था नव्हती, तेहि विटा घेण्यास दाराशीं येऊं लागले. गिऱ्हाईक दाराशीं उभें असतां झोंप कोणास येणार?

अगदींच निर्धन विद्यार्थ्यांसाठीं १८८४ मध्यें रात्रीचा वर्ग निघाला. दिवसा दहा तास काम करावयाचें, मुलांनीं बहुतेक वीटभट्टीवर व मुलींनीं धुलाईखान्यांत. आणि नंतर दोन तास अभ्यास. दमलेल्या मुलांना जागें ठेवण्याची याहून कठीण कसोटी नाहीं. याआधीं हॅम्प्टनच्या अशाच रात्रीच्या वर्गांत उत्साह न ढळणाऱ्यांस वॉशिंग्टन यांनीं ‘हिंमतवानांचा वर्ग’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि जो टिकला त्यास त्या नांवाचें छापील प्रशस्तिपत्र. टस्कीगीच्या सुमारें डझनभर विद्यार्थ्यांनीं सुरू झालेल्या रात्रीच्या वर्गांत १९०१ च्या सुमारास ४५७ विद्यार्थी होते.

या पद्धतीवर आक्षेप आले, आणि ते हलके नव्हते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनीं १९०३ मध्यें असें दाखवून दिलें कीं हातकामावरच भर दिल्यास कृष्णवर्णीयांचें उच्च शिक्षण व मताधिकार मागें पडतील. आणि टस्कीगीचे शिक्षक तरी महाविद्यालयांतूनच आले ना? या मुद्द्याचें समाधानकारक उत्तर वॉशिंग्टन यांच्यापाशीं नव्हतें, असेंच म्हणावें लागतें. आज टस्कीगी हें विद्यापीठ आहे, हीहि गोष्ट ड्यू बॉइस यांच्याच बाजूस पडते. पण मुलाचें मन कामांत कसें गुंतवावें, हा प्रश्न निराळा.

पहिल्या एकोणीस वर्षांत तेथें लहानमोठ्या चाळीस इमारती झाल्या. त्यांपैकीं चार सोडल्या तर बाकीच्या बहुतांशीं विद्यार्थ्यांच्याच हातच्या. एखादा नवखा मुलगा भिंतीवर पेन्सिलीनें रेघोट्या ओढूं लागे किंवा चाकूनें लांकूड कोरूं लागे, तेव्हां शिक्षकास धांवावें लागत नसे. जुना विद्यार्थीच त्याचा हात धरी व सांगे, इमारत आमची आहे, ती उभारतांना मी होतों.