ज्वाळेचे घर



मुंबईतल्या चारकोपच्या ज्या वसाहती १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने आणि 'म्हाडा'च्या देखरेखीखाली वसविण्यात आल्या, त्यांच्या आखणीत एक गोष्ट अशी आहे, की जिच्याकडे रस्त्याने जाणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही : सुमारे ३५ लहान भूखंडांची एक सोसायटी आणि त्या घरांच्या मधोमध सर्वांचे मिळून एक अंगण. भूखंड, पाणी आणि सांडपाण्याचा निचरा यांची तरतूद सरकारने करावी व घर मात्र ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारावे, अशी त्या योजनेमागची कल्पना होती. विटेवर वीट ठेवून स्वतःचे घर उभे करणाऱ्या या वस्तीला आणखी एक लहानशी वास्तू बांधून पाहण्याची विनंती करण्यासाठी मी आज आपल्याशी बोलत आहे. ती वास्तू म्हणजे अंगणातली चूल.

पूजेच्या प्रसादासाठी, गणपतीतल्या जेवणासाठी, किंवा गॅसची टाकी ऐन वेळी संपली म्हणून, आपण उघड्यावर तीन विटा मांडतो, त्यांच्यामध्ये लाकडे कोंबतो आणि वर पातेले चढवतो. मग घटकाभर धुराने डोळे झोंबतात, शेजाऱ्यांच्या खिडक्या पटापट मिटतात आणि पातेल्याचे बूड काजळीने माखून जाते. लाकडाच्या चुलीला धूर हा असायचाच, अशी आपली समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि तीच समजूत मला आज खोडून काढावयाची आहे. धूर हे न जळलेले जळण आहे. जो धूर डोळ्यांत गेला, त्याच्यासाठी आपण लाकूड तर खर्च केले, परंतु त्याची ऊब पदरात पडली नाही.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. लाकूड तापले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. नंतर त्याच्या अंगातून ज्वालाग्राही वायू सुटू लागतात आणि सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. मागे उरतो तो कोळसा. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची असते. ते पुरते जळावयाचे तर सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता हवी, मुबलक हवा हवी आणि हवेत मिसळण्यास थोडा अवधी हवा. उघड्या विटांमध्ये वारा ज्वाळेला थंड करतो, आणि ती जरा वर येते न येते तोच पातेल्याच्या गार बुडावर आपटून विझते. मग अर्धवट जळालेले वायू धूर होऊन पसरतात आणि काजळी होऊन बुडाला चिकटतात. ज्वाळेला वाढण्यापुरते उबदार घर दिले, की धूर ओसरतो.

आपल्या वाडवडिलांना या विषयाची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. चुलीला जोडून असलेला वैल हा वाया जाणारी आच पकडून त्यावर आमटी किंवा दूध ऊन ठेवण्यासाठीच तर निर्माण झाला. आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा : मधोमध नळकांडे, तळाशी जाळी, जाळीखालून आत ओढली जाणारी हवा आणि नळकांड्याभोवती पाणी. उष्ण हवा वर चढते, तिच्या जागी खालून नवी हवा येते आणि फुंकणीवाचून विस्तव आपोआप फुलतो, हे तत्त्व बंबाने घरोघरी पोचविले. त्यात उणीव एकच, की नळकांड्याला पाण्याचा वेढा असल्यामुळे ज्वाळा पुरती जळण्यापूर्वीच निवते.

पुढे या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले गेले, त्यातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीने स्वयंपाकघरातला धूर धुराड्यावाटे बाहेर नेणारी 'मगन चूल' लोकांपुढे ठेवली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आणि पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने साच्यातून घडविता येणाऱ्या 'लक्ष्मी'सारख्या चुलींचा प्रसार केला. त्याच १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनिआर्स्की यांनी जी चूल सिद्ध केली तिला 'रॉकेट चूल' म्हणतात. आडव्या तोंडातून लाकूड जाते, उभ्या व उबदार नळीत ज्वाळा वाढते आणि पुरती जळून झाल्यावरच ती भांड्याला भिडते. आपल्या अंगणासाठी मी हीच चूल सुचवितो.

आता बांधणीचा तपशील ऐका. वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद व ३ इंच जाड धरली, तर सुमारे २८ विटा पुरतात. जमीन चोपून सपाट करावी. चार विटा भिंगरीच्या पात्यांप्रमाणे, म्हणजे प्रत्येकीचे टोक दुसरीच्या कुशीला टेकेल अशा रीतीने, मांडल्या की मध्ये बरोबर साडेचार इंचांचा चौकोन मोकळा राहतो. सर्वांत खालच्या थरात हा चौकोन अर्ध्या विटेने बुजवावा. तो झाला चुलीचा तळ. त्यावरच्या दोन थरांत पुढच्या बाजूला पूर्ण विटेऐवजी अर्धीच वीट ठेवावी, म्हणजे साडेचार इंच रुंद आणि ६ इंच उंच असे तोंड तयार होते. या दोन थरांच्या मधोमध लोखंडी जाळी आडवी टाकावी. जाळीवर लाकूड, जाळीखाली हवा. जाळीखालची वाट लाकडांनी किंवा राखेने कधीही बुजू देऊ नये, कारण चुलीचा श्वास तिथूनच चालतो. तोंडाच्या वर दोन मजबूत लोखंडी पट्ट्या टाकून त्यांवर पूर्ण भिंगरीचे चार थर रचावे आणि प्रत्येक थराची दिशा आधीच्या थराच्या उलट ठेवावी, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. सांध्यांत सिमेंट घालू नये, ते आचेने तडकते. चिकणमाती, भाताचा तूस आणि चाळलेली राख यांचा गारा करून तो भरावा व आठवडाभर सावलीत सुकू द्यावा. चूल एकूण २१ इंच उंच होते.

भांडे नळीच्या तोंडावर थेट टेकविले तर ज्वाळा गुदमरते. त्यासाठी किती फट ठेवावी याचा हिशेब सोपा आहे : नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सव्वावीस चौरस इंच आणि परिमिती १८ इंच, भागाकार केला की एक इंचाहून किंचित अधिक उत्तर येते. तेवढ्या उंचीचे तीन लोखंडी तुकडे वर ठेवावे. पातेले मोठे असेल तर त्याचा भार चुलीवर न टाकता जमिनीवर पाय रोवलेल्या स्वतंत्र लोखंडी तिवईवर टाकावा.

जळण खणखणीत सुके असावे आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्यांत फोडलेले असावे. त्यांची टोके तेवढी आत जळावी व जसजशी जळतील तसतशा काटक्या पुढे सरकवाव्या. नारळाच्या करवंट्या, सुक्या झावळ्यांचे देठ, सुताराकडच्या रंग न दिलेल्या ढलप्या, हे सारे चालते. रंगविलेले लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक यांना चुलीजवळ थारा देऊ नये, त्यांचा धूर विषारी असतो. बचत किती होते म्हणाल, तर २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास उघड्या चुलीवर, जिथे लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्साच भांड्याला लागतो, एक किलोहून थोडे अधिक लाकूड लागते. चांगल्या बांधणीच्या चुलीने चौथा हिस्सा भांड्याला लावला तर ४०० ते ४५० ग्रॅमांत काम होते. विटा आरंभी बरीच उष्णता पितात, हा या चुलीचा दोष खरा. परंतु विस्तव निवल्यावरही त्या बराच वेळ गरम राहतात. मुंबईची थंडी ती काय, असे आपण म्हणतो, पण २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. अशा पहाटे अंघोळीचे पाणी तापवून झाल्यावर घरातल्या वृद्धांनी शेकाला बसावे ते या चुलीपाशी, अंगणात.

अंगणात, हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. ही चूल बंद खोलीत, गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा जिन्याखाली कदापि पेटवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेत प्राण घेतो. घरातल्या स्वयंपाकाच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शिवाय मुंबईची हवा आज पूर्वीसारखी राहिलेली नाही : जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांच्या आत स्वच्छ इंधनावर नेण्याचा हुकूम दिला. चांगल्यात चांगल्या चुलीतूनही सूक्ष्म कण थोडेफार निघतातच. म्हणून रोजच्या स्वयंपाकाला गॅस किंवा वीजच बरी, आणि चूल प्रसंगापुरती, तीही सोसायटीची परवानगी घेऊन व पाण्याची बादली जवळ ठेवून पेटवावी.

शेवटची विनंती जळणासंबंधी आहे. आपल्या पश्चिमेला गोराईच्या खाडीकाठी तिवरांचे रान आहे. त्याचे लाकूड चांगले जळते हे खाडीकाठच्या माणसाला सांगावयास नको. परंतु भरतीच्या लाटा आणि वादळ अंगावर झेलून तेच रान आपल्या घरांचे रक्षण करीत आले आहे, आणि २००५ साली उच्च न्यायालयाने त्याची तोड थांबविण्याचा हुकूम दिला तो याच जाणिवेने. मूठभर काटक्यांत जिचे भागते अशी चूल ज्याच्या अंगणात आहे, त्याला झाडावर कुऱ्हाड उचलण्याचे कारण उरत नाही. तेव्हा चूल जरूर बांधा, मुलांना जवळ बसवून विटा रचावयास शिकवा. परंतु जळण गोळा करताना तिवराच्या एका फांदीलाही हात लावू नका.