हंगामाआधी ऑईल-क्लीनर उघडा

१९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून नगर जिल्ह्याचा हिवाळा उसाच्या गाड्यांचा. हंगामात डिझेल इंजिनाला उसंत नसते आणि काजळी ऑईलमध्ये साचत जाते. ती पकडायला अनेक ट्रकांच्या इंजिनावर गरगर फिरणारा क्लीनर असतो. त्याला ना वीज लागते, ना पट्टा. ऑईल दाबाने आत येतं, रोटरच्या म्हणजे आतल्या फिरत्या भांड्याच्या दोन बारीक नोझलमधून उलट दिशांना उडतं आणि त्या धक्क्याने रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो. जड घाण रोटरच्या आतल्या भिंतीला चिकटते.

गरम इंजिन बंद करून कान द्या. थोडा वेळ घुमणारा आवाज आला, तर रोटर फिरतोय. काहीच ऐकू आलं नाही, तर गाळ भरला असेल किंवा नोझल तुंबलं असेल.

रोटर पूर्ण थांबल्यावरच झाकण काढा. रोटरच्या दोन भागांवरच्या खुणा पाहून ठेवा, जोडताना त्याच जुळवायच्या. नाहीतर तोल जातो. आतला काळा थर डांबरासारखा घट्ट असतो. तो लाकडी पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको. भाग डिझेलने धुवा. नोझलमध्ये टोकदार तार खुपसणारे मिस्त्री भोक मोठं करून ठेवतात, मग वेग पडतो. रबरी रिंग नवीच घाला. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे. नट बेताने आवळा, रोटर हाताने सहज फिरला पाहिजे.

काढलेला गाळ बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका. इंजिन सुरू करून झाकणाभोवती गळती बघा, मगच गाडी फडात न्या.