आश्रय आणि अधिकार
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी परमुलखातील दुःखाचा विषय आम्ही का काढावा, असे कोणी विचारील. परंतु आपला न्यास ५० वर्षे दानधर्म करीत आला आहे. दान कोठवर पुरते आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार अशाच दिवशी व्हावयास हवा.

ब्रह्मदेशाच्या आराकान, म्हणजे आजच्या राखाईन प्रांतात रोहिंग्या मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १९८२ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९७८ साली आणि पुन्हा १९९१-९२ साली लाखो माणसे देशोधडीला लागली होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी सशस्त्र बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने गावेच्या गावे जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात आली. कित्येकांनी नाफ नदी ओलांडली.

आज कॉक्सबझार जिल्ह्यातील उखिया व टेकनाफ भागांत दहा लाखांहून अधिक निर्वासित आहेत. टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकीला एक लागून उभ्या आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळतात. मार्च २०२१ मधील एका आगीत सुमारे ४५,००० माणसे उघड्यावर पडली.

यजमानांचाही विचार केला पाहिजे. सरपणासाठी जंगल तुटले, तेव्हा २०१८ पासून झोपड्यांतून गॅसच्या टाक्या द्याव्या लागल्या. १९७१ साली याच भूमीतील सुमारे एक कोटी माणसे आपल्या देशात आश्रयाला आली होती, हेही आपण विसरू नये.

मदतीचा ओघ मात्र आटतो. २०२३ साली माणशी दरमहा १२ डॉलरचा शिधा ८ डॉलरवर आला. पुढे तो वाढला खरा. पण ज्याला रीतसर काम करण्याची मुभा नाही, त्याने मधल्या महिन्यांत काय खावे?

मग ही माणसे परत का जात नाहीत? नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना परत नेण्याची तयारी झाली. गाड्या उभ्या राहिल्या, पण चढावयास कोणी आले नाही. घराची ओढ त्यांना नव्हती असे नाही. सुरक्षितता आणि नागरिकत्व यांची हमी मिळाल्यावाचून जावयाचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी येतो तो शाळेचा दाखला घेऊन. आपण फी भरतो, पुढे तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो. आपली मदत फळते, कारण त्याचे नाव कोठेतरी नोंदलेले आहे आणि कायद्याने त्याला वाट मोकळी आहे. छावणीतील मुलाला तेवढी वाट नाही. त्याला पोटभर जेवू घालणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु त्याचा हक्क त्याला मिळावा, हेही तितक्याच आवर्जून बोलले पाहिजे.

न्यासाने यथाशक्ति मदत पाठवावी आणि ती एका वर्षात थांबवू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.