प्रोलॅक्टिन, पाळी आणि ‘दोष’
(थुवाल येथे मराठी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मूल होत नाही म्हटले की आपल्याकडे दोष आधी बाईच्या माथी मारला जातो. मग नवस, उपास, गंडेदोरे सुरू होतात. सातासमुद्रापार आलेल्या उच्चशिक्षित जोडप्यांनाही फोनवरून हेच उपाय सुचवले जातात. म्हणून आज एका साध्या रक्ततपासणीबद्दल बोलतो. मी संशोधक आहे, वैद्यकी करणारा डॉक्टर नव्हे, एवढे ध्यानात ठेवून ऐका.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बाळंतिणीला दूध आणते. तेच बाळंतपण नसताना वाढले, तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात. बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते किंवा थांबते आणि गर्भ राहत नाही.

ते का वाढते? कधी ग्रंथीवर छोटी गाठ असते. ती जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते. कधी थायरॉईड मंद असतो. कधी औषधे कारणीभूत असतात. मनोविकारावरची काही औषधे तर आहेतच, पण आपण भारतातून बॅगेत भरून आणतो त्या ॲसिडिटीच्या अनेक गोळ्यांत डॉम्पेरिडोन असते, तेही प्रोलॅक्टिन वाढवते. सुई टोचण्याच्या ताणानेही आकडा थोडा चढतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नये. तपासणी पुन्हा करावी आणि घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावे.

उपचार आहेत. १९७० च्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन आले, पुढे कॅबरगोलीन. गोळ्यांनी बहुतेकींची पाळी पूर्ववत होते आणि गर्भही राहतो. गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर दिवस गेल्याचे नक्की झाल्यावर डॉक्टर सहसा गोळी थांबवतात. गरोदरपणात अशी गाठ त्रास देण्याइतकी वाढण्याची शक्यता फार थोडी, सुमारे २ ते ३ टक्के असते. मोठी गाठ असेल तर धोका बराच जास्त, म्हणून गर्भधारणेआधीच सल्ला हवा. गरोदरपणात प्रोलॅक्टिन एरवीही सुमारे दहापट होते, त्यामुळे तेव्हा ते मोजत बसण्यात अर्थ नसतो. डोके सतत दुखू लागले किंवा नजर अधू झाली, तर मात्र लगेच दाखवावे. बाळाला अंगावर पाजायलाही सहसा हरकत नसते.

आता पुरुषांसाठी. तपासणी दोघांची व्हावी. प्रोलॅक्टिन पुरुषांतही वाढते आणि वंध्यत्वाला कारण ठरू शकते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अलौकिक शक्तीने मूल होईल असे भासवून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा मानला आहे. असे कलम घालावे लागले, यावरून ‘वांझ’ या एका शब्दाने बायकांना कुठल्या दारात उभे केले ते कळते. आपल्या घरातल्या मुलीला, सुनेला त्या दाराऐवजी प्रयोगशाळेचे दार दाखवू या. तिच्याबरोबर मुलगा आणि जावईही असू द्या.