कर्ज काढण्याआधी मोफत वकील मागा

आम्ही कळंबोलीहून, बचत गटांच्या वतीने बोलतोय. आजचा विषय जरा जड आहे. घरातल्या कुणाला पोलिसांनी अटक केली, तर पहिल्या दिवशी काय करायचं?

बचत गटाचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण लिहावं लागतं. कुणी शाळेची फी सांगतं, कुणी शिलाई मशीन. एखादी मात्र कारण सांगत नाही, "फार घाईचं आहे" एवढंच म्हणते. मागाहून कळतं, मुलगा कोठडीत आहे आणि "मी सोडवून आणतो" म्हणत कुणी मध्यस्थ पैसे मागतोय. लाजेपोटी ती कुणाला विचारत नाही आणि अंगावरचं सोनं मोडून बसते.

म्हणून पहिली गोष्ट ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि मुलांनाही मिळतो. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. मुलगा कामावर जाऊन कमावता असला, तरी कोठडीत असताना त्याचा हा हक्क आहे.

कुठे जायचं? आपल्यासाठी पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. रायगड जिल्ह्याचं प्राधिकरण अलिबागला आहे. लांब जाणं जमत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा. आता बऱ्याच जिल्ह्यांत आरोपींच्या बचावाचंच काम करणारे पूर्णवेळ वकील नेमले आहेत. या वकिलांनी तुमच्याकडून फी घ्यायची नसते. कुणी मागितलीच, तर समितीकडे तक्रार करा.

आता नवा कायदा. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यातलं आपल्या कामाचं एवढं लक्षात ठेवा.

अटक का केली, हे पोलिसांनी सांगितलंच पाहिजे आणि घरच्यांना किंवा ओळखीच्या माणसाला कळवलंच पाहिजे. अटकेचा कागद करून त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची असते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन न्यायाधीशांची आधी परवानगी घ्यावी लागते. बायांची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं आहे. मुंबईच्या तुरुंगातल्या बायांचे हाल पत्रकार शीला बर्से यांनी पत्राने न्यायालयाला कळवले होते, त्यावरचा तो निकाल. एका बाईच्या पत्राने एवढं झालं.

तुरुंगात तारखांची वाट बघत बसलेल्यांसाठी कलम 479 आहे. माणसावर पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तो आत असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे एक वर्ष झालं की अर्ज व्हायला हवा. हा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्याला ही सवलत नाही. तळोजा कारागृहात कुणाचा माणूस असेल, तर अटकेची तारीख काढून वकिलाला हा हिशेब विचारा.

वकील चांगलं काम करावा, तर त्याच्या हातात कागद हवेत. एफआयआरची प्रत, अटकेचा कागद, आधार, रेशनकार्ड, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद. मुलगा अठराच्या आतला असेल तर शाळेचा दाखला सगळ्यात आधी न्या. त्याचा खटला बाल न्याय मंडळापुढे जातो. खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक वहीत लिहून ठेवा. त्यावरून पुढची तारीख मोबाईलवर दिसते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

कुणी म्हणेल, गुन्हेगाराला कशाला मदत? बायांनो, गुन्हा केला की नाही ते न्यायालय ठरवेल. पण बाजू मांडायला कुणीच नसेल, तर निर्दोष माणूसही आतच राहतो. आणि ज्या बाईवर अन्याय झाला, तिलाही याच समितीकडून वकील मिळतो.

पुढच्या बैठकीत 15100 हा क्रमांक इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. आणि कुणी "फार घाईचं आहे" म्हणाली, तर तिला आधी बाजूला घेऊन विचारा. मग दोघीजणी तिच्याबरोबर पनवेलला जा.