ब्रेक ओरडत होता, मी त्याला गप्प केलं

आज कोडिंग नाही, बाईक. म्हणजे बग माझाच, फक्त थेट रस्त्यावर सापडलेला.

पुढच्या डिस्कला सिंटर्ड पॅड बसवले. आधीचे ऑरगॅनिक होते, तंतू आणि रेझिनचे. सिंटर्ड म्हणजे दाब आणि उष्णता देऊन घट्ट केलेली धातूची भुकटी. घाटात तापले तरी पकड सोडत नाहीत, म्हणून घेतले. दुसऱ्याच दिवशी सिग्नलला ब्रेक दाबला आणि असा चीऽऽ आवाज, की शेजारच्या रिक्षातले काका वळून बघायला लागले.

मग मी काय केलं? चेनचा स्प्रे डिस्कवर मारला. हसू नका. आवाज खरंच गेला! पाच मिनिटांनी सोसायटीच्या उतारावर लिव्हर दाबला, तर गाडी थांबेचना. मागचा ब्रेक दाबत, पाय घासत गेटपाशी थांबलो. वॉचमन काकांची खुर्ची हातभर अंतरावर होती. आणि काका खुर्चीतच होते.

गॅरेजवाल्या दादांनी आधी झापलं, मग नवेकोरे पॅड फेकायला लावले. तेल पॅडच्या आत मुरतं, पुसून निघत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसली. ही डिस्क सिंटर्डला चालते ना, तेही बघितलं, कारण प्रत्येक डिस्कला ते चालत नाहीत.

आवाजाचं कारण असं: पॅड डिस्कला धरतो, निसटतो, परत धरतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. त्या थरथरीनं डिस्क घंटेसारखी वाजते. माझ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या होत्या, त्यामुळे पॅड तिरका टेकत होता. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला एक थेंबही नाही.

आणि मी गाळलेली पायरी म्हणजे बेडिंग. मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत यायचं, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, मध्ये डिस्क थंड होऊ द्यायची. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. पहिले काही दिवस मागचा-पुढचा विचार करून, अंतर ठेवून चालवायची.

हां, खरखर वेगळी बरं का. धातूवर धातू घासल्यासारखं वाटलं तर गाडी तिथेच उभी करा, पॅड संपलेले असू शकतात.

आता सकाळी दवामुळे पहिले एक-दोन ब्रेक अजूनही चिरकतात. मी चिरकू देतो. वॉचमन काका मात्र तो आवाज आला की खुर्ची उचलून आत जातात.